बंदूकमालकांच्या वतीने कोण बोलते?

मार्च २०१९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातले बंदूक दुकानदार मायकेल कारगिल यांनी आपल्याकडचे दोन बंप स्टॉक हरकत नोंदवून सरकारजमा केले आणि लगेच दावा लावला. कारगिल माजी सैनिक आहेत. त्यांनी जमा केलेली वस्तू देशभर उघडपणे विकली जात होती आणि ती कायद्यात बसते असे खुद्द सरकारी खात्यानेच लेखी कळवलेले होते. त्याच महिन्यात फोर्ट वर्थमध्ये एका विक्रेत्याकडचे सुमारे साठ हजार बंप स्टॉक यंत्रात घालून त्यांचा चुरा करण्यात आला. २६ मार्चला बंदी लागू झाल्यावर असा एखादा तुकडा घरात सापडला असता, तर मालकाला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. भरपाई म्हणून एक डॉलरही मिळणार नव्हता. पुढे काहींनी भरपाईसाठी दावे केले. तेही टिकले नाहीत.

अमेरिकेतल्या बंदुकांबद्दल मराठी वाचकाच्या मनात साधारण एकच चित्र असते. एकीकडे शाळेत गोळ्यांना बळी पडलेली मुले आणि दुसरीकडे कशानेही न हलणारी बंदूक लॉबी. ते चित्र खोटे नाही. मात्र त्यात कारगिलसारख्या माणसाला जागा नाही. ज्याने कुणावर बंदूक रोखलेली नाही, जो कर भरतो, परवाने सांभाळतो आणि ज्याला एके दिवशी कळते की आपल्या कपाटातली वस्तू उद्यापासून गुन्हा ठरणार आहे, त्याची तक्रार खरी आहे. पण त्या तक्रारीचे मूळ तो ज्यांच्याकडे बोट दाखवतो त्यांच्यापेक्षा, त्याच्याच नावाने राजकारण करणाऱ्यांच्या दारात अधिक सापडते.

बंप स्टॉक म्हणजे रायफलचा बदललेला दस्ता. सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढच्या गोळीसाठी बोट सैल सोडून चाप पुन्हा ओढावा लागतो. बंप स्टॉक लावला की रायफल दस्त्याच्या आत मागे-पुढे सरकू लागते. नेमबाज बोट एका कडेवर टेकवून स्थिर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने नळीकडचा भाग पुढे रेटत राहतो. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे जाते, रेट्याने पुढे येते आणि चाप आपोआप बोटावर आपटतो. नियम करणाऱ्या खात्याच्या अंदाजानुसार असा नेमबाज मिनिटाला चारशे ते आठशे गोळ्या झाडू शकतो.

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये हे जगाने पाहिले. मँडले बे हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने खाली चाललेल्या कंट्री संगीताच्या महोत्सवावर सुमारे अकरा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्या रात्री ५८ माणसे मेली, जखमांमुळे पुढे दगावलेल्यांना धरून एकूण ६०. चारशेहून अधिक लोकांना गोळ्या लागल्या. कंट्री संगीताचा श्रोतृवर्ग हा बंदुका बाळगणाऱ्या अमेरिकेचाच एक भाग आहे. महोत्सवात वाजवून गेलेल्या एका बँडच्या गिटारवादकाने दुसऱ्या दिवशी जाहीरपणे लिहिले की, आपण आयुष्यभर बंदूक हक्काचे समर्थक होतो. आपल्या चमूतल्या लोकांकडे परवाने होते, बसमध्ये कायदेशीर शस्त्रे होती, पण त्यांना हात लावण्याचीही सोय नव्हती, कारण पोलिसांनी आपल्यालाच हल्लेखोर समजून टिपले असते.

मग प्रश्न आला कायद्याचा. अमेरिकेत मशीनगनची व्याख्या १९३४ च्या कायद्यातली आहे: चापाच्या एका क्रियेत आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र. १९८६ मध्ये नव्या मशीनगन सामान्य नागरिकांना मिळणे बंद झाले. बंप स्टॉक या व्याख्येत बसतो का, हे पाहण्याचे काम एटीएफ या केंद्रीय खात्याचे. या खात्याने २०१० मध्ये एका उत्पादकाला कळवले की, हा बंदुकीचा सुटा भाग आहे, मशीनगन नव्हे. हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांना उपयोगी पडेल, असे उत्पादकाने खात्याला सांगितले होते. पुढे वेगवेगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात दहाहून अधिक वेळा खात्याने अशाच प्रकारची उत्तरे दिली.

हत्याकांडानंतर चारच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, नॅशनल रायफल असोसिएशनने (एनआरए) निवेदन काढले. अशा उपकरणांवर अधिक नियंत्रण असावे आणि एटीएफने त्यांचा फेरविचार करावा, असे त्यात म्हटले होते. वरवर पाहता हा समंजसपणा वाटतो. पण त्यातली खोच पाहावी लागते. त्याच सुमारास प्रतिनिधिगृहात कार्लोस कर्बेलो या रिपब्लिकन आणि सेथ मोल्टन या डेमोक्रॅट सदस्याने मिळून बंप स्टॉकबंदीचे विधेयक आणले होते आणि दोन्ही पक्षांचे सारख्याच संख्येने सदस्य त्यामागे उभे होते. एनआरएला असे विधेयक नको होते. सभापती पॉल रायन यांनीही नियमाने बंदी घालणे हाच सर्वांत जलद मार्ग असल्याचे सांगून टाकले. विधेयक मतदानाला आलेच नाही. सिनेटर डायन फाइनस्टाइन मात्र वारंवार बजावत होत्या की, आजच्या कायद्याने एटीएफला हा अधिकार नाही, कायदाच बदलावा लागेल. बंदुकांच्या कट्टर विरोधक म्हणून हयात घालवलेली ही बाई त्या प्रश्नावर कारगिल यांच्या बाजूचेच कायदेशीर मत मांडत होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बंप स्टॉकबंदीचा आदेश दिला. त्याच महिन्यात दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या एका बैठकीत ते म्हणाले की, धोकादायक माणसाच्या बंदुका आधी काढून घ्याव्यात, कायदेशीर प्रक्रिया नंतर पाहता येईल. बंदूकमालकांनी ज्याला भरभरून मते दिली तो हा नेता. प्रस्तावित नियमावर १,८६,००० हून अधिक हरकती-सूचना आल्या; त्यांत बंदीच्या बाजूच्या अधिक होत्या. डिसेंबरमध्ये नियम जाहीर झाला, मार्चमध्ये लागू झाला. एटीएफच्याच अंदाजाप्रमाणे देशात २,८०,००० ते ५,२०,००० बंप स्टॉक विकले गेले होते.

१४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कारगिल यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्या छापून दाखवले की, बंप स्टॉक लावला तरी प्रत्येक गोळीला चापाची वेगळी क्रिया होते. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी विरोधी मतात विचारले की, अशा रायफलीचा गोळीबार मशीनगनसारखाच होत असेल तर तिला मशीनगन का म्हणू नये. या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र न्यायमूर्ती अलिटो यांच्या छोट्या सहमतीच्या मतात आहे. उपाय सोपा आहे, काँग्रेस कायदा बदलू शकते, आणि एटीएफ आपल्या जुन्या अर्थावर ठाम राहिले असते तर कदाचित काँग्रेसने तो आधीच बदललाही असता, असे त्यांनी लिहिले. निकालाला आठवडाही झाला नव्हता तेव्हा सिनेटमध्ये मार्टिन हाइनरिख यांनी बंप स्टॉकबंदीचे विधेयक एकमताने मंजूर करण्याची विनंती केली. नेब्रास्काचे पीट रिकेट्स यांनी हरकत घेतली आणि विषय तिथेच संपला.

सात वर्षांचा हा प्रवास नीट पाहिला तर दिसते ते असे. कायदा करण्याची वेळ आली तेव्हा बंदूकमालकांच्या संघटनेने आणि नेत्यांनी मतदान टाळले. मतदान टळल्याने आमदार-खासदारांची सोय झाली. कुणालाच मतदारसंघात जाऊन ‘मी बंदीला मत दिले’ किंवा ‘मी बंदी रोखली’ असे सांगावे लागले नाही. भार पडला तो कारगिल यांच्यावर आणि साठ हजार तुकड्यांचा चुरा करणाऱ्या त्या विक्रेत्यावर. काँग्रेसमध्ये चर्चा झाली असती तर भरपाईचे कलम मागता आले असते, अधिक मुदत मागता आली असती, आधीच विकत घेतलेल्या वस्तूंना वेगळी वागणूक मागता आली असती. खात्याच्या नियमात यातले काहीच मागता येत नाही, कारण खाते कायद्याचा अर्थ लावते, तडजोड करत नाही.

पिस्तूल ब्रेसची कथाही याच वळणाची. हातात ताकद नसलेल्या एका अपंग माजी सैनिकाला पिस्तूल एका हाताने स्थिर धरता यावे म्हणून मनगटाच्या वर पट्ट्याने बांधायचा हा आधार तयार झाला. २०१२ मध्ये एटीएफने त्याला हरकत नसल्याचे कळवले. लाखो लोकांनी तो घेतला, आणि पुष्कळांनी तो खांद्याला लावून छोट्या रायफलसारखा वापरला हेही खरे. जानेवारी २०२३ मध्ये बायडन सरकारच्या नियमाने अशी बहुतेक पिस्तुले आखूड नळीच्या रायफली ठरली आणि ३१ मेपर्यंत नोंदणी करा, नाहीतर गुन्हा, अशी मुदत पडली. सरकारी अंदाज तीस लाखांचा होता; नोंदणीचे अर्ज आले सुमारे अडीच लाख. पुढच्या वर्षी टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. मग सरकार बदलले आणि मे २०२५ मध्ये बाण उलट्या दिशेला वळला: झटपट गोळ्या झाडू देणाऱ्या एका प्रकारच्या चापाबाबत सरकारने उत्पादकाशी तडजोड करून विक्रीची वाट मोकळी केली. दर चार वर्षांनी गुन्ह्याची व्याख्या बदलत असेल, तर कायदा पाळू इच्छिणाऱ्याने पाळायचे तरी काय?

बंदूकमालकांची दुसरी तक्रार अशी की, कायदे करणाऱ्यांना बंदुकीतले काही कळत नाही. तिलाही आधार आहे. १९९४ च्या ‘असॉल्ट वेपन’ बंदीत रायफलीची ओळख तिच्या अवयवांवरून ठरवली होती: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवण्याची खोबण, नळीच्या तोंडाशी ज्वाळा दडवणारी जाळी. उत्पादकांनी हे अवयव काढले आणि तितक्याच वेगाने गोळ्या झाडणाऱ्या रायफली बाजारात चालूच राहिल्या. २०१३ मध्ये कोलोरॅडोच्या खासदार डायना डगेट, ज्यांनी मोठ्या मॅगझिनांवर बंदीचे विधेयक मांडले होते, एका जाहीर सभेत म्हणाल्या की, आहेत ती मॅगझिने वापरून संपतील आणि मग नवी मिळणार नाहीत. मॅगझिन हा पुन:पुन्हा भरता येणारा डबा असतो, हे शिकारीला जाणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. ज्या वस्तूसाठी तुम्ही माणसाला तुरुंगात टाकायला निघालात, ती हातात घेऊन पाहणे एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

तरीही ‘हे सगळे फक्त सुटे भाग आहेत, त्यांनी काय फरक पडतो’ हा बंदूकमालकांचा आवडता युक्तिवाद मान्य करता येत नाही. ८ जानेवारी २०११ रोजी टूसानमध्ये एका सुपरमार्केटबाहेर खासदार गॅबी गिफर्ड्स मतदारांना भेटत होत्या. हल्लेखोराच्या पिस्तुलात ३३ गोळ्यांचे मॅगझिन होते. ते रिकामे झाल्यावर त्याने दुसरे काढले. तेवढ्यात एका महिलेने ते हिसकावले आणि बाकीच्यांनी त्याला खाली पाडले. सहा जण मरण पावले, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. गिफर्ड्स यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, यांनी दोन वर्षांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, त्या मुलीला लागलेली गोळी तेरावी होती; मॅगझिन दहाचे असते तर ती वाचली असती. केली आणि गिफर्ड्स दोघेही बंदूकमालक. मॅगझिन बदलायला लागणारे काही सेकंद हा राजकीय मुद्दा आहे की नाही, याचे उत्तर त्या फरशीवर मिळाले होते.

मॅगझिनच्या प्रश्नावर कोलोरॅडोने पुढे जे केले ते या साऱ्या चर्चेतले सर्वांत बोलके प्रकरण आहे. २०१२ मध्ये ऑरोराच्या चित्रपटगृहात बारा माणसे मारली गेली, वर्षअखेरीस सँडी हूकच्या शाळेत २६. कोलोरॅडोच्या विधिमंडळाने १५ हून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनांची विक्री बंद केली. पन्नासहून अधिक शेरीफ न्यायालयात गेले. राज्यातल्या मॅगपुल या मॅगझिन उत्पादकाने कारखाना वायोमिंगला आणि मुख्यालय टेक्सासला हलवले. सप्टेंबर २०१३ मध्ये मतदारांनी राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सदस्या अँजेला हिरॉन यांना माघारी बोलावण्याच्या निवडणुकीत घरी पाठवले. हिरॉन यांचा प्वेब्लो मतदारसंघ तर डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. पण कायदा टिकला. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. इथे दोन्ही बाजूंनी उघड लढाई केली. सदस्यांनी नावानिशी मत दिले, किंमत मोजली, बंदूकमालकांनी मतपेटीतून राग दाखवला, आणि बहुमताचा कायदा राहिला. वॉशिंग्टनमध्ये जे घडले त्यापेक्षा हे कितीतरी सचोटीचे राजकारण होते.

प्रतिनिधित्वाची तक्रार मात्र कोलोरॅडोत मिटत नाही. ऑरेगनमध्ये २०२२ मध्ये सार्वमताने दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनांवर बंदी मंजूर झाली, निम्म्याहून किंचित अधिक मतांनी. ३६ परगण्यांपैकी जेमतेम सहा परगणे बाजूने होते. पोर्टलंडसारख्या शहरी पट्ट्याने निकाल फिरवला. पोलिसांची गाडी यायला तास लागतो अशा पूर्व ऑरेगनच्या रँचवर राहणाऱ्याला वाटते की, आपले आयुष्य शहरातले लोक ठरवतात. त्याचे दुःख समजण्यासारखे आहे. पण हाच माणूस वॉशिंग्टनमध्ये अल्पमतात नसतो. वायोमिंगच्या सहा लाखांहून कमी लोकांना सिनेटमध्ये दोन जागा आहेत आणि कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटींनाही दोनच. २०१३ मध्ये खाजगी विक्रीत पार्श्वभूमी तपासणी आणणाऱ्या मॅन्चिन-टूमी प्रस्तावाला ५४ मते मिळूनही तो पडला, कारण साठ हवी होती. ग्रामीण बंदूकमालकाचे वजन देशाच्या राजधानीत जास्त आणि राज्याच्या राजधानीत कमी, असा हा विचित्र तोल आहे. ‘आमचे कुणी ऐकत नाही’ हे वाक्य त्यामुळे ऑरेगनची राजधानी सेलममध्ये खरे आणि वॉशिंग्टनमध्ये खोटे ठरते.

आणि वॉशिंग्टनमध्ये जे ऐकले जाते तो आवाज तरी कोणाचा? प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या पाहणीत स्वतःकडे बंदूक असलेल्यांपैकी केवळ १९ टक्के लोकांनी आपण एनआरएचे सदस्य असल्याचे सांगितले. त्याच पाहणीत तीन चतुर्थांशांहून अधिक बंदूकमालक खाजगी विक्रीतही तपासणी हवी म्हणत होते, आणि मोठ्या मॅगझिनांवर बंदी हवी म्हणणारे चाळीस टक्क्यांच्या वर होते. या लोकांच्या मताला त्यांच्याच संघटनेत जागा नव्हती. तीन दशके एनआरए चालवणारे वेन लापिएर यांनी सदस्यांचा पैसा खाजगी विमानप्रवासावर आणि चैनीवर उधळल्याचा आरोप न्यूयॉर्कच्या खटल्यात झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना जबाबदार धरून ४३ लाख ५० हजार डॉलर भरण्यास सांगितले. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या परवानाधारक काळ्या तरुणाने ‘माझ्याकडे बंदूक आहे’ असे पोलिसाला स्वतःहून सांगितले आणि पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. एनआरएचे निवेदन दोन दिवसांनी आले आणि त्यात कॅस्टिल यांचे नावही नव्हते. परवाना सांभाळणाऱ्या, कायदा पाळणाऱ्या बंदूकमालकाचे याहून स्पष्ट उदाहरण त्या वर्षी दुसरे नव्हते.

अनेक मराठी कुटुंबांचे नातलग ज्या न्यू जर्सीत राहतात, तिथे दहाहून अधिक गोळ्यांचे मॅगझिन बाळगणे गुन्हा आहे; डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की तेच मॅगझिन दुकानात विकत मिळते. एका पुलाच्या दोन टोकांना दोन कायदे असणे संघराज्यात अटळ आहे. पण दोन्ही कायदे विधिमंडळांच्या धोरणातून आलेले असल्याने बदलायचे झाल्यास कुणाचे दार ठोठवायचे हे तिथल्या नागरिकाला माहीत असते.

सायलेन्सरच्या बाबतीत बंदूकमालकांनी हेच दार ठोठावले. बंदुकीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सरने तो वीस ते पस्तीस डेसिबलने कमी होतो. शिकाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानांसाठी हा फरक मोठा आहे. नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात. त्याच वेळी, २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत बारा जणांना मारणाऱ्याच्या पिस्तुलावर सायलेन्सर होता, हेही विसरता येत नाही. जुलै २०२५ च्या मोठ्या अर्थविधेयकात काँग्रेसने त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आणला. नोंदणी मात्र कायम राहिली, कारण ती उठवण्याची तरतूद सिनेटच्या नियमांत बसली नाही. हा निर्णय कुणाला पटो न पटो, तो निवडून आलेल्यांनी मते देऊन घेतला आणि पुढचे सरकार खात्याच्या एका पत्राने तो उलटवू शकणार नाही.

बंदूकमालकांनी आता आपल्या सिनेटरकडे मागावे ते एवढेच: मशीनगनच्या व्याख्येतला बदल सभागृहात आणा, नावानिशी मतदान घ्या, आणि बंदी येणारच असेल तर भरपाई आणि मुदत कायद्यात लिहा. बंदी हवी असलेल्यांनी मसुदा करताना बंदूक हाताळणाऱ्यांना शेजारी बसवावे. ज्या राज्यात ती साठ माणसे मारली गेली त्या नेवाडाच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये बंप स्टॉकबंदीचा कायदा केला. फ्लोरिडाने तर रिपब्लिकन विधिमंडळात आणि रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या सहीने मार्च २०१८ मध्येच तो केला होता. कारगिल निकालाने यातल्या एकाही कायद्याला धक्का लागलेला नाही.